दोन मुलांचा सायकल ट्रेलर: अकराशे किलोमीटरनंतर

सायकलच्या मागे लावायचा दोन मुलांचा ट्रेलर आम्ही चौदा महिन्यांपूर्वी घेतला. आता तो अकराशे किलोमीटर चाललाय. इतके दिवस मुद्दामच काही लिहिलं नाही. घेण्याआधी मी जे जे वाचलं ते सगळं पहिल्या आठवड्यातलं होतं. खोका उघडला, चाकं लावली, सोसायटीत दोन चकरा मारल्या, मुलं खूश, पाच तारे. मला हवं होतं ते कुठेच मिळालं नाही: उन्हात काय होतं, खड्ड्यात काय होतं, आणि सलग पाच दिवस मूल त्यात बसलं तर काय होतं.

आम्ही नेरूळला राहतो. मी रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्सला, बायको शाळेत शिकवते. लग्नाआधीपासून दोघंही कोकणात सायकलवर फिरायचो. मुलं झाल्यावर चार वर्षं सायकली गॅलरीत प्लास्टिक पांघरून उभ्या होत्या. थोरला साडेचार वर्षांचा झाला, धाकटी सव्वा वर्षाची, तेव्हा ट्रेलर शोधायला लागलो. त्याआधी घ्यायचाच नव्हता. वर्षाच्या आतलं मूल ट्रेलरमध्ये बसवू नये, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, आणि आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मूल आधाराशिवाय नीट बसलं पाहिजे आणि हेल्मेटचं वजन पेलण्याइतकी मान बळकट पाहिजे.

मला तो एका ओळखीच्या कुटुंबाकडून चौदा हजारांना मिळाला, जेमतेम वापरलेला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच साचा मी वेगवेगळ्या रंगांत वेगवेगळ्या नावांनी विकला जाताना पाहिलाय. खुणा सांगतो म्हणजे ओळखता येईल. ॲल्युमिनियमचा सांगाडा, २० इंची दोन चाकं, बाहेरून बाहेर रुंदी ८२ सेंटीमीटर, रिकामं वजन १४ किलो, आत शेजारी-शेजारी दोन जागा, प्रत्येकीला पाच पट्ट्यांचा बेल्ट, मागे सामानाचा कप्पा. पुढे जाळी आणि जाळीवर गुंडाळता येणारा प्लास्टिकचा पडदा. डाव्या बाजूने एक दांडा येतो आणि सायकलच्या मागच्या ॲक्सलवर बसवलेल्या पट्टीत पिनेने अडकतो. आत बसणारी मुलं आणि सामान मिळून मर्यादा ४० किलो.

माझी आई पहिल्या दिवशी ट्रेलरभोवती एक चक्कर मारून एवढंच म्हणाली, "बाकी राहू दे, पोर झोपली की तिची मान बघ." तेव्हा मी होला हो केलं. आज वाटतं, ट्रेलर पारखायची याहून चांगली कसोटी नाही. जागं मूल ट्रेलरचे सगळे दोष स्वतः सांभाळून घेतं. धक्का बसला की कडेला धरतं, ऊन आलं की तोंड फिरवतं, गरम झालं की ओरडतं. झोपलेलं मूल यातलं काहीच करत नाही. आणि लांबच्या प्रवासात दोन वर्षांचं मूल निम्मा वेळ झोपलेलंच असतं.

तर मान. आमच्या ट्रेलरची पाठ सरळ आहे आणि कापड ताणलेलं. हेल्मेट घातलेलं मूल टेकून बसलं की हेल्मेटचा मागचा फुगवटा पाठीला टेकतो आणि डोकं पुढे ढकललं जातं. जागेपणी हे जाणवत नाही. पाम बीच रोडवरच्या तिसऱ्या रविवारी सीवूड्सच्या अलीकडे मागे वळून पाहिलं तर धाकटी झोपलेली, हनुवटी छातीला टेकलेली, तोंड अर्धवट उघडं. थांबलो, तिला उचललं आणि तसंच कडेवर घेऊन अर्धा तास उभा राहिलो. चांगल्या ट्रेलरमध्ये पाठीच्या वरच्या भागात कापडाचा खोल खिसा असतो, हेल्मेट त्यात जातं आणि मान सरळ राहते. आमच्यात नव्हता. नेरूळच्या एका टेलरकडून पाठीचं कापड त्या उंचीला आडवं कापून आत सैल जाळी शिवून घेतली आणि खालच्या भागात दोन सेंटीमीटरचा फोम घातला. खर्च चारशे रुपये. त्यानंतर मान नीट राहते. तुम्ही नवा घेणार असाल तर हा खिसा आहे का ते सगळ्यात आधी बघा, रंग नंतर.

सरावाबद्दल थोडं. मुलांना बसवायच्या आधी मी दहा-दहा किलोच्या तांदळाच्या दोन गोण्या आणि पाच किलो पीठ बेल्टने बांधून पारसिक हिलवर चढवलं. चढताना समजलं की माझे गिअर पुरत नाहीत. पुढे २८ दातांची सर्वात लहान चकती होती, मागे ३२ ची सर्वात मोठी. मागची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, बदलून ३४ ची घातली. फरक कागदावर लहान दिसतो, पण शेवटच्या वळणावर गुडघ्यांना कळतो. उतरताना दुसरी गोष्ट समजली. ब्रेक लावला की मागून कोणीतरी हात टेकवून ढकलावं तसं वाटतं. सायकलला डिस्क ब्रेक नसतील तर भरलेला ट्रेलर घेऊन घाटात उतरू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

पहिला मोठा प्रवास डिसेंबरात केला. नेरूळ ते दिवेआगर, पाच दिवस, एकशेतीस किलोमीटरच्या आसपास. पूर्वी आम्ही दोघं दिवसाला ऐंशी-नव्वद करायचो, तिथे आता तीस झाले तरी दिवस भरला म्हणायचा. युरोपात डॅन्यूबच्या काठाने पासाऊ ते व्हिएन्ना अशी तीनशेच्या वर किलोमीटरची सपाट वाट आहे, तिथे घरंच्या घरं असे ट्रेलर ओढत जातात. हे ट्रेलर तसल्या वाटांसाठी बनलेत. आपल्याकडे उरण रोडवर 'ट्रेलर' म्हटलं की माणसाच्या डोळ्यांसमोर चाळीस फुटी कंटेनर येतो. जेएनपीटी बंदराची ती वाहतूक टाळायला आम्ही रविवारी पहाटे पावणेपाचला निघालो. मुलं झोपेतच ट्रेलरमध्ये ठेवली. मागे दोन लाल दिवे, उंच काठीवर केशरी झेंडा, कडांना रिफ्लेक्टर टेप. उजाडायच्या आत उलवे मागे टाकलं आणि कंटेनरची रांग लागायच्या आत उरण गाठलं. मला सगळ्यात जास्त भीती याच टप्प्याची होती. जे दोन-तीन ट्रक आले त्यांनी मागेच वेग कमी केला आणि पूर्ण लेन सोडून पुढे गेले. एकट्या सायकलवाल्याला एवढी जागा मला कधी कोणी दिलेली नाही.

करंजा धक्क्यावरून रेवसला जायला लाँच असते. खाडीचं अंतर थोडं, पण एवढ्यासाठी रस्त्याने जायचं तर पेण-वडखळवरून मोठा वळसा. ट्रेलर तिथे घडी करावा लागला. चाकं बटण दाबून निघतात, बाजू आत दुमडतात, अंथरुणाच्या वळकटीएवढा होतो. दोन मिनिटांचं काम. ओहोटी होती, खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या आणि लाँच बरीच खाली. मुलं एका हातात आणि ट्रेलर दुसऱ्या हातात हा विचारसुद्धा करू नका. लाँचवरच्या माणसांनी सायकली हातोहात घेतल्या, बायको मुलांना घेऊन आधी उतरली, मग मी ट्रेलर दिला. इथे या ट्रेलरला पैकीच्या पैकी गुण. घडी सोपी आहे आणि घडी झाल्यावर कुठलाही भाग लोंबत नाही. पुढे आगरदांडा ते दिघी आणि नंतर बागमांडला ते वेश्वी या फेऱ्यांमध्ये घडीची गरजच पडली नाही. गाड्या चढतात तसे आम्हीही सरळ चढलो.

रुंदीची गोष्ट चौलला कळली. चौल-रेवदंडा रस्ता वाड्यांमधून जातो. दोन्हीकडे दगडी गडगे, त्यावर झुकलेल्या पोफळी, आणि समोरून मुरूड-अलिबाग एसटी. ८२ सेंटीमीटर म्हणजे ट्रेलरचं डावं चाक सायकलच्या चाकापासून चाळीस सेंटीमीटर बाहेर पळतं. आपण सवयीने डांबराच्या कडेने चालवतो, तेव्हा ते चाक डांबराखाली उतरलेलं असतं. एकदा उतरलं, ट्रेलर डावीकडे कलला, थोरला आतून "बाबा!" म्हणून ओरडला. उलटला नाही, कारण वजन खाली आहे आणि बैठक रुंद. पण त्यानंतर मी कडेपासून दोन फूट आतच चालवतो आणि मागे वाहन आलं तर थांबून वाट देतो. एकट्या मुलासाठी हवा असेल तर एका जागेचा अरुंद ट्रेलर घ्या. कोकणातल्या गावरस्त्यांवर तो फरक मोलाचा आहे.

धक्क्यांबद्दल माझी तक्रार आहे. यात सस्पेन्शन नाही. महागड्या ट्रेलरना त्यासाठी स्प्रिंगच्या पट्ट्या किंवा रबरी ठोकळे असतात. मी टायर १.७५ इंची काढून २ इंची घातले आणि हवा कमी ठेवतो, एवढ्यावर बराच फरक पडला. गतिरोधकावरून दोन्ही चाकं एकदमच जातात, त्याचं फारसं काही नाही. खरा त्रास रंबलरचा, म्हणजे रस्त्यावरच्या ओळीने आखलेल्या जाड पट्ट्यांचा, आणि रेवदंड्याच्या पुलावरच्या सांध्यांचा. साळावच्या टोकाला पोचेपर्यंत धाकटी जागी होऊन रडायला लागली होती. तिला पुलावरच बाहेर काढून कडेवर घेतलं आणि पुढचं अंतर मी सायकल हातात धरून चालत गेलो. खाली कुंडलिकेचं पाणी, समोर कोर्लईचा किल्ला, आणि ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून पुन्हा झोपली.

ट्यूबची काळजी करू नका. २० इंची चाक म्हणजे लहान मुलांच्या सायकलचं चाक, त्याची ट्यूब तालुक्याच्या गावी मिळते. आमच्या ट्यूबला मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह आहे, त्यामुळे पेट्रोल पंपावरही हवा भरता येते.

आता मुख्य दोष, आणि हा वाचल्याशिवाय कोणी हा ट्रेलर घेऊ नये. काशीदची चढण आम्ही ढकलत चढलो, रात्री तिथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी मुरूडकडे निघालो. नांदगावच्या अलीकडे उतारावर मागून 'टक्' असा आवाज आला आणि सायकल क्षणभर हलकी झाली. मी ब्रेक हळूहळू दाबत थांबलो. उतरून बघतो तर दांडा ॲक्सलच्या पट्टीतून अर्धा बाहेर आलेला. पिनेला अडवून ठेवणारी तारेची गोल रिंग उघडून कुठेतरी पडली होती आणि पीन सरकत सरकत टोकाला आलेली. ट्रेलर थांबवला होता तो सायकलच्या फ्रेमभोवती गुंडाळलेल्या सुरक्षा पट्ट्याने. नायलॉनचा साधा बोटभर रुंद पट्टा. आत दोघंही झोपलेले. थोरल्याचा हात धाकटीच्या पोटावर. मी रस्त्याच्या कडेला बसलो आणि बराच वेळ माझ्याच्याने उठवलं नाही.

माझा सगळा दिवस नट-बोल्टमध्ये जातो. कारखान्यात फिरत्या यंत्रावर अशी रिंग मी कोणाला लावू देणार नाही. इथे मात्र ती कंपनीने लावून दिली म्हणून मी तीन महिने तशीच चालवली, याची मला खंत आहे. त्या दिवशी तारेने बांधून चालत मुरूडला नेलं. तिथल्या एका म्हाताऱ्या सायकलवाल्या काकांनी पीन हातात फिरवून पाहिली, डब्यातून स्कूटरची स्प्लिट पीन काढली, घातली आणि पक्कडीने दोन्ही पाय वळवले. म्हणाले, "साहेब, मुलांची गाडी आहे, दर प्रवासाला नवी घाला. पाच रुपयांची असते." पैसे घेतले नाहीत. धाकटीच्या हातावर खडीसाखरेचा तुकडा ठेवला.

घरी आल्यावर मी ती पीनच बदलली. आता ८ मिलिमीटरचा बोल्ट, धक्क्यांनी सैल न होणारा नायलॉक नट आणि दोन वायसर. ट्रेलर काढायला पाना लागतो, एक मिनिट जास्त जातं, मला चालतं. शिवाय सुरक्षा पट्ट्याला जोड म्हणून दुसरा पट्टा लावला. दर थांब्यावर दोन्ही हाताने ओढून बघतो. दांड्याच्या सांध्यातला रबरी बुशही नऊशे किलोमीटरला चिरला. नवा सुटा मिळेना, म्हणून रबाळ्यातल्या एका लेथवाल्या मित्राकडून पीयूचा (पॉलियुरेथेनचा) करून घेतला. त्यात जरा जास्त कडकपणा आहे, पण चिरणार नाही. पट्टा, पीन आणि बुश या तिन्हींवर विक्रेत्याला विचारा: सुटं मिळतं का, किती दिवसांत. उत्तर गुळमुळीत आलं तर घेऊ नका.

उन्हाचं मार्चमध्ये कळलं. मुलांना वेळासला समुद्री कासवांची पिल्लं दाखवायची होती. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं त्या दिवसांत तिथल्या किनाऱ्यावरून समुद्रात सोडतात. दिवेआगरपर्यंत सायकली टेम्पोने नेल्या आणि पुढे श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याची फेरी असं गेलो. ट्रेलरच्या आत भिंतीवरचा लहान तापमापक लटकवला होता. बाहेर ३१ अंश. नुसती जाळी असताना आत ३२. धूळ येते म्हणून प्लास्टिकचा पडदा खाली सोडला, दहा मिनिटांत ३७. झोपलेलं मूल ३७ अंशांत नुसतं लाल होतं, रडत नाही. त्यामुळे पडदा फक्त पावसापुरता, तोही बाजूच्या खिडक्या उघड्या ठेवून. धुळीसाठी आम्ही जाळीवर ओलं सुती कापड सेफ्टी पिनांनी लावतो, थंडावाही मिळतो. डाव्या खिडकीला सावली नाही, म्हणून सकाळी दक्षिणेकडे जाताना धाकटीच्या डोळ्यांवर ऊन येतं. तिची जागा उजवीकडे केली. चढावर वारा लागत नाही, तेव्हा साडेदहानंतर चालवणं बंद. ज्याला दुपारी बारापर्यंत सायकल हाणायची सवय आहे त्याला हे जड जाईल, पण यात तडजोड करता येत नाही.

वेळासला मुलं पहाटे किनाऱ्यावर दोरीच्या मागे उभी होती. तळहाताएवढी काळी पिल्लं लाटेकडे निघाली. थोरला हळूच म्हणाला, "यांना ट्रेलर नाही." परत निघाल्यावर त्याने मागच्या कप्प्यात ठेवलेला टॉवेल बहिणीच्या पायांवर घातला. दोघांचं आत काय चालतं ते मला सायकलवरून अर्धवटच ऐकू येतं. गाणी, भांडण, "ती म्हैस माझी", मग पाच मिनिटं शांतता. घरी मोबाईल मागणारा मुलगा सलग दोन तास बाहेर बघत बसतो, हे मी प्रत्येक प्रवासात पाहिलंय. किहीमजवळच्या एका शेतात वालाच्या शेंगांची पोपटी लावली होती, म्हणजे मडक्यात घालून भाजत होते, भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास रस्त्यावर आलेला. तो वास थोरल्याने माझ्याआधी ओळखला. गाडीच्या काचा लावून गेलो असतो तर त्याला तो वास भेटला नसता. जुळ्या मुलांना घेऊन अलास्कापासून अर्जेंटिनाच्या टोकापर्यंत सायकलवर गेलेलं एक अमेरिकन कुटुंब आहे, २००८ ते २०११ अशी तीन वर्षं. आमची झेप अंजर्ल्यापलीकडे नाही. पण माझ्या मुलांना अंतर म्हणजे काय ते आता पायी-सायकली कळतं. अलिबाग त्यांच्यासाठी 'दोन झोपांवर' आहे.

बाकी बारीकसारीक. मागचा कप्पा भरपूर मोठा, पण जड सामान तिथे घातलं की दांडा वर उचलला जातो, म्हणून तिथे फक्त कपडे आणि डायपर. पाणी आणि हत्यारं माझ्या पिशव्यांत. बेल्टची बकल लहान हातांना उघडत नाही, चांगलं आहे. कापड धुता येतं, खारट वाऱ्याने चेनच्या बाजूचे स्क्रू मात्र गंजले, ते स्टेनलेसचे घालून घेतले. इमारतीच्या लिफ्टमध्ये घडी केल्याशिवाय जात नाही. पाम बीचच्या कडेच्या वॉकिंग ट्रॅकच्या तोंडाशी जे लोखंडी खांब आहेत त्यातूनही जात नाही.

घ्यावा का? चौदा हजारांना, वरच्या दुरुस्त्या स्वतः करायची किंवा करून घ्यायची तयारी असेल तर घ्या. नवा पूर्ण किमतीला, आहे त्या पिनेसह, मी घेणार नाही. थोरला आता साडेपाच वर्षांचा, अठरा किलोचा. उतारावर मला त्याचं वजन वेगळं जाणवतं. या हिवाळ्यानंतर त्याची स्वतःची सायकल माझ्या सायकलला जोडायचा दांडा बघतोय, आणि ट्रेलर पूर्ण धाकटीचा होईल. तिने त्याची जागा बाहुल्यांसाठी आधीच मागून घेतली आहे.

नेरूळ-सीवूड्सच्या आसपास कोणाला घेण्याआधी मूल बसवून बघायचं असेल तर आम्ही रविवारी सकाळी सहाच्या सुमारास पाम बीचच्या सर्व्हिस रोडवर असतो. केशरी झेंडा लांबून दिसतो, हात करा. हेल्मेट मुलाचं स्वतःचं आणा. आणि थोडा वेळ काढून या, मूल झोपेपर्यंत फेरी मारू, मग तुम्हीच बघा.